गोशेन : चौखूर उधळायला बंदी असलेल्या घोड्यांच्या गावात

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एक यादी तयारच असते. भारतातून आईवडील आले की नायगरा, वॉशिंग्टन, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर आणि वेळ उरला तर हर्शीचं चॉकलेट. आमच्या आबांची ही यादी मागच्या खेपेलाच संपली होती. यंदा ते जूनमध्ये आले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून एडिसनच्या आमच्या गल्लीत येरझाऱ्या घालायला लागले. आबा जुन्नर तालुक्यातले. उमेदीची सगळी वर्षं बैलगाडा शर्यतींच्या घाटांवर काढलेली. २०१४ ची बंदी आली तेव्हा दावणीची खोंडं विकावी लागली, आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर शिक्कामोर्तब केलं तेव्हा हा माणूस वेळेचा काही विचार न करता मला फोन लावून बसला होता. अशा माणसाला धबधबे किती दाखवणार?

गोशेनचं नाव मेघनाने काढलं. तिच्या ऑफिसातली एक बाई त्या बाजूची. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज काउंटीत, आमच्यापासून दीड-दोन तासांवर हे लहानसं गाव आहे. १८३८ पासून तिथे गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यती चालतात, आणि हा अमेरिकेतला या खेळाचा सर्वांत जुना चालू ट्रॅक मानतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावात जत्रा असते आणि ट्रॅकवर शर्यतीही. "घोडे, गाडी आणि जत्रा," मेघना म्हणाली, "आबा, अजून काय पाहिजे?" आबांनी लगेच पिशवी भरली. लेक ओवी मात्र लेगोलँडच्या बोलीवर तयार झाली. लेगोलँडही गोशेनमध्येच आहे, त्यामुळे सौदा स्वस्तात पटला.

शुक्रवार : मेडोलँड्स

गोशेनला जाताना वाटेत ईस्ट रदरफर्ड लागतं आणि तिथे मेडोलँड्सचा ट्रॅक. जुनं पाहायच्या आधी आजचं काय चाललंय ते पाहावं म्हणून संध्याकाळी तिथे थांबलो. शेजारी फुटबॉलचं अवाढव्य स्टेडियम, पलीकडे मॉल, टर्नपाइकवर गाड्यांची रांग, आणि या सगळ्याच्या मधे दिव्यांच्या झोतात पूर्ण एक मैलाचा गुळगुळीत ट्रॅक. १९७६ साली सुरू झालेला. या खेळातली सर्वांत मानाची शर्यत, 'हॅम्बलटोनियन', १९८१ पासून इथे ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी होते. हॅम्बलटोनियन हे एका घोड्याचं नाव, पण तो आपल्याला रविवारी भेटणार आहे.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. महालक्ष्मीला पाहतो तसा जॉकी इथे घोड्याच्या पाठीवर नसतो. घोड्यामागे दोन चाकांची एक हलकी सांगाडावजा गाडी असते, तिला सल्की म्हणतात. तिच्यावर ड्रायव्हर जवळजवळ उताणा बसतो, पाय पुढे घोड्याच्या मांड्यांच्या दोन्ही अंगांना टेकवून. आणि खेळाची सगळी गंमत एका नियमात आहे: घोड्याने चौखूर उधळायचं नाही. दुडकी मोडायची नाही. मोडली तर ड्रायव्हरने मोकळी जागा बघून त्याला बाजूला घ्यायचं, लगाम खेचून पुन्हा चालीवर आणायचं, आणि तेवढ्या वेळात एक पाऊलही फायदा घ्यायचा नाही. म्हणजे जीव तोडून पळायचं, पण पळून जायचं नाही.

चाली दोन. ट्रॉटर घोड्याचा पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलला जातो, मग दुसरी तिरपी जोडी. पेसरचे एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे जातात. अमेरिकेत बहुतेक शर्यती पेसरच्या असतात, कारण ते थोडे वेगवान आणि त्यांची चाल सहसा मोडत नाही. त्यांच्या पायांभोवती पट्ट्यांची कडी असतात, एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय जोडणारी, त्यामुळे लय टिकते. पहिलीच शर्यत पेसरची होती. घोडे फेरी मारायला समोरून गेले तसे आबा कठड्यावर ओणवे झाले आणि म्हणाले, "अरे, हा डुलतोय का असा? लंगडा आहे का काय?" पेसर डावी-उजवीकडे डुलत चालतो, पहिल्यांदा पाहणाऱ्याला तसंच वाटतं. दिवा लागला, घोडे वेगात आले आणि ते डुलणं कुठल्या कुठे गेलं.

सुरुवात फार देखणी. ट्रॅकवर एक मोटारगाडी येते, तिच्या मागे दोन्ही बाजूंना पंखांसारखी लांब फाटकं उघडलेली. आठ-दहा घोडे नाकं त्या फाटकाला लावून मोटारीच्या मागे पळत येतात, गाडीचा वेग वाढत जातो, रेषेवर फाटकं मिटतात आणि मोटार बाजूला होऊन निघून जाते. ही युक्ती १९४६ साली लाँग आयलंडवरच्या रूझवेल्ट रेसवेवर स्टीफन फिलिप्स यांनी आणली. त्याआधी घोडे आपले आपण ओळ धरून यायचे, ओळ वाकडी झाली की घंटा वाजवून परत बोलवायचे. एका शर्यतीची सुरुवात होता होता संध्याकाळ व्हायची म्हणतात. रात्रीच्या दिव्यांत शर्यती आणि त्यावर सरकारमान्य सट्टा हा प्रकार त्याच रूझवेल्ट रेसवेवर १९४० पासून रुळला, आणि मेडोलँड्स हे त्याच वाटेवरचं पुढचं ठाणं.

याच ट्रॅकवर २०२२ च्या जुलैत बुलडॉग हॅनोव्हर नावाच्या पेसरने १ मिनिट ४५.८ सेकंदांत मैल काढला. मागे गाडी आणि माणूस घेऊन. मी तो आकडा आबांना सांगितला तर त्यांनी मनातल्या मनात काही हिशेब केला आणि "आपल्या घाटात सेकंदावर नंबर ठरतो, हे तर गावच पार करतील," एवढंच म्हणाले.

एक गोष्ट मला आवडली. घोड्यांच्या इतर शर्यतींत अंगावरचे रंग मालकाचे असतात, इथे ड्रायव्हरचे स्वतःचे. एकदा नोंदवलेले रंग माणूस कारकीर्दभर वापरतो. एका रात्रीत तोच ड्रायव्हर वेगवेगळ्या मालकांचे घोडे हाकतो, पण जॅकेट तेच. दोन-तीन शर्यतींनंतर ओवी रंगांवरून माणसं ओळखायला लागली. मी दोन डॉलरचं एक तिकीट काढलं, घोडा पाचवा आला. आजूबाजूची बरीच मंडळी समोर ट्रॅक असताना भिंतीवरच्या पडद्यांकडे बघत होती, तिथे दुसऱ्याच कुठल्या राज्यातली शर्यत चालू होती. हल्ली पैसे फोनवरून लागतात, त्यामुळे माणसाला घोड्याजवळ यायची गरजच उरलेली नाही. हे सगळ्याच ट्रॅकांचं झालंय.

रात्री उशिरा मिडलटाउनच्या हॉटेलात पोचलो.

शनिवार : गोशेन

सकाळी गोशेनमध्ये शिरलो तर गाव म्हणजे चर्चभोवतीचा हिरवा चौक आणि त्याला फुटलेले चार रस्ते. चौकात जत्रेचे तंबू लागलेले: हातांनी केलेली भांडी, मेणबत्त्या, लिंबूपाणी, तळणाचा वास. आणि तिथून हाकेच्या अंतरावर, घरांच्या परसदारांना खेटून, ट्रॅक. मैलभर दूर मोकळ्या माळावर असेल असं मला वाटत होतं. हा गावाच्या पोटात आहे. एका वळणापाशी कुणाच्या तरी दोरीवर कपडे वाळत होते आणि त्यांच्या पलीकडून घोडा धावत होता.

ट्रॅक अर्ध्या मैलाचा. म्हणजे मैलाच्या शर्यतीला दोन फेऱ्या, आणि वळणं आवळलेली. १९६६ साली अमेरिकी सरकारने याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. लाकडी स्टँड, तबेल्यांच्या रांगा, रुंद झाडं. तबेले नुसते दाखवायला ठेवलेले नाहीत. तिथे आजही घोडे राहतात आणि रोज सकाळी फिरवले जातात. फिरवताना ते उलट्या दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे जॉगिंग करतात, वजनदार जॉगकार्टला जुंपून. शर्यत आणि जोराचा सराव मात्र काट्याच्या विरुद्ध दिशेने. घोड्याला तोंड फिरवलं की कळतं, आता कामाची वेळ आली. एका म्हाताऱ्या ट्रेनरने हे आम्हाला सांगितलं, आणि म्हणाला की काही घोडे वळताक्षणीच अंगात वारं शिरल्यासारखे करतात, त्यांना आवरणं हेच अर्धं ड्रायव्हिंग.

आबा आणि तो ट्रेनर यांचं जे जमलं ते मी नुसतं बघत बसलो. मधे दुभाष्या म्हणून मी होतो, पण फारसा लागलो नाही. आबांनी हाताने विचारलं, पाय उचलून बघू का? त्याने मान हलवली. आबांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवत खाली आणला, गुडघ्यामागची शीर दाबली, घोडीने निमूट पाय दिला. नाल हलकी, ॲल्युमिनियमची. ट्रेनरने फळीवर टांगलेल्या निरनिराळ्या नाला दाखवल्या. ट्रॉटरच्या बाबतीत सगळा खेळ तोलाचा. पुढच्या खुराचं टोक किती लांब, कोन किती, नाल किती ग्रॅम जड, यावर पाऊल किती उंच उचललं जाईल ते ठरतं. मागचा पाय पुढच्याला घासला की चाल मोडते. त्यासाठी पायांवर चामड्याचे, रबराचे बूट चढवतात. एकाच घोडीच्या पुढच्या आणि मागच्या नाला वेगवेगळ्या असू शकतात. आबा मला म्हणाले, "त्याला सांग, आमच्याकडे बैलाच्या खुराचे दोन तुकडे, त्याला दोन पत्र्या. तुमचं काम अर्धं." मी सांगितलं. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, पण लगाम धरायला दोन हात सारखेच लागत असतील.

या खेळाचे कुळाचार समजून घ्यायला त्याच आवाराला लागून असलेल्या संग्रहालयात गेलो. 'हार्नेस रेसिंग म्युझियम अँड हॉल ऑफ फेम' १९५१ मध्ये निघालं, 'गुड टाइम स्टेबल' नावाच्या जुन्या तबेल्याच्या इमारतीत. बाहेरून ट्यूडर पद्धतीचा इंग्लिश वाडा. पूर्वी जिथे घोडे बांधले जात त्या ठाणांत आता प्रदर्शनं मांडली आहेत. एका दालनात हयात मानकऱ्यांचे वीतभर उंचीचे पुतळे, प्रत्येकजण आपापल्या कपड्यांत, आपापल्या लकबीत. ओवीला तिथून हलवणं मुश्कील झालं. एक सिम्युलेटर आहे, त्यात बसलं की सल्कीवर बसून शर्यतीत असल्याचा भास होतो. मेघना त्यातून उतरली तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मला मात्र सगळ्यात मोलाच्या वाटल्या त्या गाड्या. एका बाजूला १८८० च्या दशकातली सल्की, माणसाच्या खांद्याइतकी उंच लाकडी चाकं. तिच्याजवळ सायकलसारखी बुटकी, हवा भरलेल्या टायरची. हा बदल १८९२ चा. १८९१ साली सुनोल या घोडीने उंच चाकांच्या गाडीसह मैल २ मिनिटं ८.२५ सेकंदांत काढला होता. पुढच्याच वर्षी नॅन्सी हँक्स या घोडीने नव्या चाकांवर २ मिनिटं ४ सेकंद केले. पन्नास वर्षांत हळूहळू कमी होत आलेल्या वेळेतून एका हंगामात चार सेकंद गळाले, आणि श्रेय निम्मं तरी सायकलवाल्यांचं. नॅन्सी हँक्स हे अब्राहम लिंकनच्या आईचं नाव. घोडीला ते देताना कुणाला काही वावगं वाटलं नाही, उलट मान वाटला असणार.

आणखी मागे गेलं की कळतं, हा खेळ मुळात कायद्यातून सुटलेली पळवाट आहे. १८०२ साली न्यूयॉर्क राज्याने घोड्यांच्या शर्यतींवर बंदी घातली. सोवळी मंडळी शर्यतीला पाप मानत होती. पण रस्त्यावर दोन बग्ग्यांनी एकमेकांशी जुळवून दुडक्या चालीत जाणं ही शर्यत कशी? घोडा तर पूर्ण वेगात पळतच नाही! असा युक्तिवाद करून लोक जोरात होते. १८०६ साली हार्लेममध्ये यांकी नावाच्या घोड्याने २ मिनिटं ५९ सेकंदांत मैल काढला, तीन मिनिटांच्या आतली ती पहिली नोंद. मग १८४५ मध्ये लेडी सफोक या करड्या घोडीने अडीच मिनिटांची हद्द मोडली, आणि ती कुठे? होबोकनला! जिथे आमच्या ओळखीतली निम्मी पोरं दर महिन्याला भाड्याच्या नावाने रडतात, तिथे. ही घोडी आधी ऑयस्टरच्या गाडीला जुंपलेली होती असं सांगतात.

इथे हा खेळ मला पटायला लागला. इंग्लंडातली शर्यत उमरावांची, पळणारा घोडा पळण्याशिवाय कशाच्या कामाचा नाही. इकडचा घोडा आठवडाभर दूध पोचवायचा, डॉक्टरला खेड्यात न्यायचा, आणि रविवारी चर्चहून परतताना शेजाऱ्याची बग्गी मागे टाकायचा. १८७९ साली जातीची व्याख्यासुद्धा त्याच धर्तीवर झाली. घोडा कुठल्या घराण्याचा हे नंतर, आधी अडीच मिनिटांत मैल काढून दाखव. त्या मापावर, म्हणजे स्टँडर्डवर, उतरलेले ते 'स्टँडर्डब्रेड'. शर्यतीतून निवृत्त झालेले यातले कितीतरी घोडे आजही आमिश लोक विकत घेतात आणि बग्गीला जुंपतात. म्हणजे घोडा जिथून आला तिथेच परत जातो.

दुपारी शर्यती. सट्टा नाही. हे पुन्हा सांगतो, कारण आदल्या रात्री मेडोलँड्सला बसून आलेल्याला ते डोक्यात शिरायला वेळ लागतो. तिकीट खिडक्या नाहीत, पडदे नाहीत. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन झाडाखाली बसलेले, पोरं कठड्याला लोंबकळलेली. घोडे इतक्या जवळून जातात की तोंडावर बारीक माती येते. अंतर कळायला दिवे लागत नाहीत, आवाज पुरतो: आधी खुरांचा सलग ठेका, मग चाकांची सळसळ, मग ड्रायव्हरांची एकमेकांवरची ओरड, आणि ती शब्दाशब्दाने ऐकू येते. एक जण शेजारच्याला जागा दे म्हणत होता. शेजारच्याने दिलेलं उत्तर ओवीला कळू नये म्हणून मेघनाने तिला लिंबूपाणी आणायला पाठवलं.

एक शर्यत दोन वर्षांच्या ट्रॉटरची होती. या वयाचे घोडे म्हणजे आठवीतली मुलं, पाय मोठे आणि अक्कल यायची. पहिल्या वळणावर कठड्याच्या बाजूने जाणारी एक काळसर घोडी पुढे होती. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर ही आतली जागा सोन्याची. बाहेरून जाणाऱ्याला प्रत्येक वळणावर जास्त अंतर पडतं, आणि समोर कुणी नसेल तर वाराही एकट्यानेच कापायचा. त्यामुळे शहाणा ड्रायव्हर पुढच्याच्या मागे दडून बसतो आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात बाहेर पडतो. दुसऱ्या फेरीत, आमच्या अगदी समोर, बाहेरून एक घोडा घोडीच्या खांद्याशी आला. घोडीने कान टवकारले. पुढचे दोन्ही पाय एकदम उचलले गेले आणि एका क्षणात दुडकीची ती घडीव लय फुटून चौखूर सुरू. सगळा स्टँड "ओह!" करून उठला. ड्रायव्हर मागे रेलला, लगाम पोटापर्यंत ओढले, घोडी बाहेरच्या बाजूला घेतली. चार ढांगा, पाच, सहा. तोवर बाकीचे निघून गेले. मग ती पुन्हा दुडकीत आली आणि शेवटून दुसरी पोचली. बाहेरून आलेला घोडा जिंकला, पण लोकांनी टाळ्या घोडीसाठी वाजवल्या.

आबा बराच वेळ त्या ड्रायव्हरकडे बघत होते. म्हणाले, "मारलं नाही त्याने."

आता गोशेनचा दुसरा ट्रॅक. कारण या गावात एके काळी दोन ट्रॅक होते, आणि मोठा, दिमाखाचा होता तो दुसराच. गुड टाइम पार्क. पूर्ण मैलाचा, आकाराने जवळजवळ त्रिकोणी. विल्यम केन या धनिकाचा. १९२६ मध्ये सिरॅक्यूसला सुरू झालेली हॅम्बलटोनियन शर्यत केनने १९३० मध्ये गोशेनला आणली आणि १९५६ पर्यंत ती इथेच झाली. मधे फक्त १९४३ चा अपवाद, युद्धामुळे पेट्रोल रेशनवर होतं म्हणून यॉंकर्सला गेली. वर्षातून एक दिवस या एवढ्याशा गावात देशभरचे लोक लोटायचे. १९३५ साली ग्रेहाउंड नावाचा प्रचंड ढांगेचा करडा घोडा इथे जिंकला. पुढे १९३८ मध्ये त्याने लेक्झिंग्टनला १ मिनिट ५५.२५ सेकंदांचा ट्रॉटचा विक्रम केला, आणि तो मोडायला तीस वर्षं लागली. केन १९५६ मध्ये वारला, शर्यत इलिनॉयमधल्या ड्यूकॉइनला गेली, तिथून १९८१ मध्ये मेडोलँड्सला. गुड टाइम पार्कमध्ये आता शर्यतीचं काही उरलेलं नाही.

आणि अर्ध्या मैलाचा हा लहान ट्रॅक मात्र राहिला. मला यात नवल वाटत नाही. मोठा ट्रॅक एका माणसावर आणि एका शर्यतीवर उभा होता. लहान्याला बक्षिसाच्या रकमेची चढाओढ नव्हती, सट्ट्याच्या उत्पन्नाची सवय नव्हती, त्यामुळे ती गेल्याचा फटकाही नाही. त्याला आसराही चांगला मिळाला. रेल्वेसम्राट ई. एच. हॅरिमन या भागातला, दुडक्या घोड्यांचा वेडा. त्याच्या कुटुंबाने हा ट्रॅक कित्येक दशकं सांभाळला. मुलगा रोलंड हॅरिमनने तर सगळ्या देशभर विखुरलेले या खेळाचे नियम आणि नोंदवह्या १९३९ मध्ये एका संघटनेखाली आणल्या. एक भाऊ घोड्यांत, दुसरा ॲव्हरेल राजकारणात, तो पुढे न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला. श्रीमंतांचे शौक गावाला असे क्वचितच उपयोगी पडतात.

संध्याकाळी जत्रेत कणीस खाल्लं. बरं होतं. मीठ-तिखट-लिंबू आम्ही घरून नेलं होतं.

रविवार : चेस्टर

चेस्टर गोशेनपासून दहा मिनिटांवर. जुनी ईरी रेल्वे १८४१ मध्ये इथून गोशेनपर्यंत आली. तिचे रूळ कधीच निघाले, त्या पट्ट्यावर आता चालायची-सायकलची वाट आहे. रेल्वे आल्याबरोबर इथलं दूध न्यूयॉर्क शहरात जायला लागलं आणि शेतकऱ्यांच्या हातात रोख पैसा खेळू लागला. घोडा बाळगायला तोच पैसा. वाटेत 'ब्लॅक डर्ट'ची शेतं लागतात, दलदल उपसून काढलेली काळीभोर भुसभुशीत जमीन, कांद्यासाठी नावाजलेली. आबांनी गाडी थांबवायला लावली, मूठभर माती घेतली, चुरली, वास घेतला. "काळी आहे, पण आपली काळी नाही," असा निकाल दिला. "ही पाणी धरेल, पण हिला चिकटपणा नाही." कांदा मात्र चांगला, हे मान्य केलं.

हॅम्बलटोनियन ॲव्हेन्यू नावाच्या शांत रस्त्यावर घोड्याची समाधी आहे. तांबूस ग्रॅनाइटचा उंच स्तंभ, १८९३ मध्ये उभारलेला. आजूबाजूला साधी घरं. गावच्या शाळेच्या संघांचं नावही हॅम्बलटोनियन.

त्याची कथा अशी. जोनास सीली नावाचा जमीनदार. त्याच्याकडे एक अपघातात अधू झालेली घोडी, 'चार्ल्स केंटची घोडी' एवढीच तिची ओळख, स्वतःचं नावही नाही. तिला अब्दल्ला नावाचा घोडा दाखवला. दिसायला कुरूप, शेपटीला केस नाहीत, स्वभावाने तिरसट. पण तो मेसेंजर या घोड्याचा नातू, जो १७८८ मध्ये इंग्लंडहून फिलाडेल्फियाला उतरला होता. ५ मे १८४९ ला शुगरलोफ इथे शिंगरू झालं. सीलीकडे विल्यम रिसडिक नावाचा गडी होता. त्याचा त्या शिंगरावर जीव बसला. खिशात पैसा नाही, तरी मालकाला विचारलं. सीलीने घोडी आणि शिंगरू मिळून १२५ डॉलरला दिलं.

शिंगरू वाढलं. पुठ्ठा खांद्यापेक्षा दोन इंच उंच, म्हणजे कायम उतारावर असल्यासारखा उभा. मागून रेटा भरपूर. रिसडिकने त्याला शर्यतीत उतरवलंच नाही. एकदाच, १८५२ मध्ये, घड्याळ लावून मैल घेतला, २ मिनिटं ४८.५ सेकंद. त्या काळाच्या मानाने तीन वर्षांच्या घोड्याला चांगलं. त्यानंतर पैदास, फक्त पैदास. १८७६ मध्ये मेला तोपर्यंत १,३३१ शिंगरं. फी पंचवीस डॉलरवरून पाचशेवर गेली. जॉर्ज विल्क्स, डिक्टेटर, हॅपी मीडियम आणि इलेक्शनिअर या त्याच्या चार मुलांच्या वंशावळींतून आजचा जवळजवळ प्रत्येक अमेरिकन स्टँडर्डब्रेड आलेला आहे. आदल्या दिवशीची ती चाल मोडलेली काळसर घोडीही त्यातलीच, आणि बुलडॉग हॅनोव्हरही.

मी हे सगळं रंगवून सांगितलं आणि म्हटलं, "बघा आबा, १२५ डॉलर. सीलीने आयुष्यभर कपाळावर हात मारून घेतला असेल."

आबांना ते अजिबात पटलं नाही. स्तंभाभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "उगाच त्याला बोल लावू नको. अधू घोडी, बाप असा तिरसट, शिंगराचा पुठ्ठा वर. भर बाजारात उभं केलं असतं तर मीही एवढ्याला सोडलं असतं. आणि सीलीकडे राहिलं असतं तर काय झालं असतं? चार ठिकाणी पळवलं असतं, पाय गेला असता, संपलं. गड्याने पळवलं नाही म्हणून तर वंश वाढला."

"म्हणजे सीलीचं बरोबर?"

"बाजारात ज्याला जनावर पाहिजे असतं त्यालाच ते द्यायचं असतं. पैसे कमी आले तरी." मग थोडं थांबून, "मी खोंडं विकली तेव्हा हेच केलं. तुझ्या आईला अजून पटलेलं नाही."

मेघनाने आमचा दोघांचा स्तंभापाशी फोटो काढला. आबांनी टोपी नीट केली. ओवीने घड्याळ दाखवलं, लेगोलँड कधीच उघडलं होतं. बाकीचा दिवस तिथेच गेला, त्याचं वर्णन तिने लिहायचं कबूल केलंय. परतताना रूट १७ वर वुडबरीच्या आउटलेटवाल्यांची नेहमीची गर्दी लागली आणि हॅरिमनपाशी गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. आबांनी तेवढ्या वेळात ऑगस्टचा पहिला शनिवार कितवी तारीख येतो ते माझ्याकडून दोनदा काढून घेतलं. त्यांचं परतीचं तिकीट त्याच्या आधीचं आहे. बदलायला किती पडतात, ते मेघना बघतेय.